लाइन मेली हे राउटरला कोण सांगणार?

बॅकअप लिंकचा विषय निघाला की नवी मुलं पहिल्यांदा विचारतात, "सर, डायल कसं करायचं?" त्यात अवघड काही नाही. नंबर घातला, दोन्हीकडचं नाव आणि पासवर्ड जुळला की राउटर बिनबोभाट फोन लावतो. घोडं अडतं ते दुसरीकडेच. मुख्य लाइन गेली आहे हे राउटरला कळत नाही, आणि ती परत आली तरी फोन ठेवायचं त्याला सुचत नाही. पहिल्या प्रकारात शाखेचं काम ठप्प होतं, दुसऱ्यात बिल येतं. २००० नंतरची काही वर्षं मी सांगली-कोल्हापूरकडच्या एका सहकारी बँकेच्या शाखांची जोडणी सांभाळली. प्रत्येक शाखेला ६४ केबीपीएसची लीज लाइन आणि ती गेली तर डायल करायचं आयएसडीएन, अशी मांडणी. कागदावर झकास होती.

जत भागातल्या एका शाखेतून फोन आला तो प्रसंग सांगतो, कारण त्यात सगळी गोम आहे.

"साहेब, कॉम्प्युटर हँग झालेत. काउंटरवर रांग लागलीय."

"राउटरवरचे दिवे?"

"सगळे लागलेत की."

"आयएसडीएनचा?"

"तो कधीच लागत नाही."

लाइनच बंद, त्यामुळे मला इथून राउटरमध्ये शिरता येईना. तिथल्या ऑपरेटरला कन्सोल केबल लावायला सांगितली आणि स्क्रीनवर दिसतंय ते अक्षर न अक्षर वाचायला लावलं. सिरियल पोर्ट अप. लाइन प्रोटोकॉल अप. "आणि पुढे कंसात काहीतरी लिहिलंय साहेब. लूप्ड." एक्स्चेंजमध्ये कुणीतरी लाइन तपासायला लूप मारला होता आणि तो काढायचा राहिला होता. राउटर दर १० सेकंदांनी खुशालीचा निरोप पाठवत होता, तोच निरोप लुपातून फिरून त्याच्याकडे परत येत होता, आणि पोर्ट अप आहे म्हणून तो निवांत होता. आयएसडीएनला उठवायचं कारणच त्याला दिसत नव्हतं.

सिस्कोच्या राउटरमध्ये यावर एका ओळीचा उपाय आहे, 'डाऊन व्हेन लूप्ड'. लूप दिसला की पोर्ट खाली गेलं असं धर, एवढंच ती ओळ सांगते. ती आपोआप चालू नसते, आपल्याला लिहावी लागते. लीज लाइनला बॅकअप असेल तर ती असलीच पाहिजे, यावर माझा वाद नाही.

पण एका ओळीने भागत नाही. बॅकअप उठवण्याच्या तीन रीती आहेत आणि लाइन गेली हे प्रत्येक रीत वेगळ्या खुणेवरून ठरवते. सगळ्यात सोपी रीत बॅकअप इंटरफेसची: मुख्य पोर्ट पडलं की दुसरं उठतं. तिची नजर फक्त आपल्या पोर्टावर असते. फ्रेम रिलेच्या जोडणीत तर राउटरची बोलाचाल जवळच्या स्विचशी चालू असते, त्यामुळे पलीकडचं सर्किट मेलं तरी पोर्ट उभंच राहतं. तिथे बॅकअप मूळ पोर्टाला न लावता त्या सर्किटच्या सब-इंटरफेसला लावावा लागतो. दुसरी रीत फ्लोटिंग स्टॅटिक रूटची. राउटिंग प्रोटोकॉलने शिकलेली वाट असेल तोवर ही हाताने लिहिलेली वाट मागे थांबते, ती पुसली गेली की पुढे येते. त्यासाठी तिचं अंतर, म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, प्रोटोकॉलपेक्षा जास्त ठेवायचं. ईआयजीआरपीचं ९०, ओएसपीएफचं ११०, रिपचं १२०. म्हणून २०० दिलं की झालं. लूप मारलेल्या लाइनवर पलीकडचा शेजारी सापडत नाही आणि शिकलेली वाट पुसली जाते, म्हणून त्या दिवशी ही रीत असती तर शाखा चालली असती. मात्र मुख्य वाटही हाताने लिहिलेली असेल आणि पोर्ट अप दिसत असेल, तर हिचाही उपयोग नाही. तिसरी रीत डायलर वॉच. ठरलेली वाट राउटिंग टेबलमधून गेली की कुणी पॅकेट पाठवण्याची वाट न बघता राउटर फोन लावतो. छान आहे, पण वाट नेटवर्क आणि मास्कसकट तंतोतंत तीच लिहावी लागते. मास्क चुकला तर वॉच भलतीकडेच डोळे लावून बसतं.

मला फ्लोटिंग रूट आवडतो. पण सर्वात जास्त घोळ त्याच्यातच पाहिलेत.

एका शाखेचं आयएसडीएन मध्यरात्री डायल करायचं. लीज लाइन ठणठणीत, शाखेला कुलूप, आणि फोन मात्र चालू. राउटर बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने डीफॉल्ट रूट फ्लोटिंग म्हणून आयएसडीएनकडे वळवला होता. वाचायला बरोबर वाटतं. पण मुख्य लाइनवरून बँकेच्या नेमक्या नेटवर्कांच्याच वाटा येत होत्या, डीफॉल्ट येतच नव्हता. म्हणजे त्या फ्लोटिंग रूटला प्रतिस्पर्धीच नव्हता. बँकेच्या नेटवर्कबाहेरच्या पत्त्याला जाणारं कुठलंही पॅकेट सरळ आयएसडीएनचं दार ठोठावायचं. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म आला तेव्हा लागण झालेलं एक मशीन रात्रभर अनोळखी पत्ते धुंडाळत बसलं आणि तो फोन उतरलाच नाही.

याचा उलटा प्रकार आणखी फसवा. मुख्य कार्यालयाकडून एकच मोठा, एकत्र केलेला रूट येतोय आणि तुम्ही फ्लोटिंग रूट त्यातल्या एका छोट्या नेटवर्कचा लिहिलात, तर २०० काय आणि २५० काय, आयएसडीएनच जिंकणार. अंतराची तुलना होते ती हुबेहूब एकाच नेटवर्कच्या दोन वाटांमध्ये. नेटवर्क वेगवेगळी असली की जास्त नेमकी वाट निवडली जाते, अंतर कुणी विचारत नाही. म्हणून फ्लोटिंग रूट लिहिण्याआधी राउटिंग टेबल उघडा आणि मुख्य वाट जशी दिसते तशीच, त्याच मास्कसकट उतरवून घ्या.

आता फोन ठेवण्याचं. कुठल्या पॅकेटसाठी फोन लावायचा याची यादी राउटरला द्यावी लागते. त्या पॅकेटांना 'इंटरेस्टिंग ट्रॅफिक' म्हणतात. घाईत माणूस लिहितो, सगळं आयपी चालेल. मग विंडोज मशीनांची आपसातली नावांची हाकाटी, घड्याळ जुळवणं, अँटिव्हायरसची चौकशी, सगळंच इंटरेस्टिंग ठरतं. शेवटचं असं पॅकेट गेल्यावर १२० सेकंदांनी लाइन सोडायची असा मूळचा हिशोब असतो. पण रिप दर ३० सेकंदांनी आपली यादी वाचून दाखवतो आणि ओएसपीएफचा हॅलो दर १० सेकंदांनी जातो. मग ते १२० सेकंद कधी भरतच नाहीत. राउटिंगची पॅकेटं यादीतून वगळा. वगळली म्हणजे अडवली असं होत नाही; लाइन चालू असेल तेव्हा ती जातातच, फक्त त्यांच्यासाठी फोन लागत नाही आणि लांबतही नाही. हा फरक समजवताना माझा घसा बसलाय. डायलर वॉच लावलं असेल तर डायल करायला या यादीची गरज नसते, वॉचच फोन लावतं.

पावसाळ्यात लाइन पडते-उठते, पडते-उठते. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की दर दोन मिनिटांनी नवा कॉल. म्हणून बॅकअप इंटरफेसला दोन आकडे द्या: लाइन गेल्यावर किती थांबून डायल करायचं, आणि परत आल्यावर किती थांबून सोडायचं. पहिला लहान, दुसरा मोठा. मी १० आणि ६० सेकंदांपासून सुरुवात करायचो आणि जुन्या केबलच्या गावांना दुसरा बराच वाढवायचो.

आयएसडीएनची बिलं शाखेतून थेट मुख्य कार्यालयाच्या हिशोब खात्यात जायची. एकदा तिथल्या बाई बिल घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "अहो, ही शाखा महिनाभर फोनवरच बोलतेय का?" बोलतच होती. लीज लाइन महिन्याच्या सुरुवातीलाच मेली होती, आयएसडीएन पहिल्या झटक्यात उठलं होतं, काउंटर सुरळीत होतं, त्यामुळे शाखेने तक्रार केली नाही. बॅकअप उत्तम चालला की मुख्य लाइनच्या मरणाची खबर कुणाला लागत नाही. राउटरला सिसलॉग किंवा एसएनएमपी ट्रॅप पाठवायला लावा, आणि ते बघणारा माणूस नेमा. बॅकअप उठला हीच मोठी बातमी समजा.

नंबरांचा छळ वेगळाच. २००२-०३ च्या सुमारास लँडलाइनच्या नंबरांच्या आधी २ लागला. माणसाने जुना नंबर फिरवला तर बाई टेपवर सांगायची, कृपया आधी दोन लावा. राउटरला ते ऐकू येत नाही. त्याच्या पोटात जुना नंबर तसाच, आणि लाइन जाईपर्यंत कुणाला पत्ता नाही. शेजारच्या जिल्ह्यासाठी शून्याऐवजी ९५ लावायची सोय निघाली तेव्हाही नंबरांच्या याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. मॉडेमवर चालणाऱ्या एका छोट्या शाखेत फोनचं एसटीडी लॉक करून शाखाधिकारी घरी जायचे. रात्री लाइन गेली तर मॉडेम बिचारं काय करणार! लाइन ईपीएबीएक्समधून आली असेल तर बाहेर पडायला शून्य आणि त्यानंतर स्वल्पविराम हवा, तो मॉडेमला दोन सेकंद थांबवतो. कुणी हौसेने राउटरचं नाव बदललं तर चॅप या नाव-पासवर्डच्या तपासणीत ओळखच पटत नाही, कारण तिथे नाव म्हणजे राउटरचंच नाव असतं. आणि फोन एकाच बाजूने लावू द्या. दोघेही एकदम डायल करतात आणि दोघांनाही एंगेज मिळतो, असं व्हायला नको.

एवढं सगळं बरोबर असूनही विट्याकडच्या रस्त्यावर जेसीबीने केबल तोडली तेव्हा तिथल्या शाखेचं आयएसडीएनही गेलं. लीज लाइनची पेअर आणि आयएसडीएनची पेअर एकाच केबलमधून येत होती. हे कॉन्फिगरेशनमध्ये दिसत नाही. लाइनमनला चहा पाजा आणि विचारा, दोन्ही पेअर कुठल्या खांबावरून, कुठल्या डब्यातून येतात. तशी मुख्य कार्यालयाकडची बाजूही मोजा. साध्या आयएसडीएनला ६४ केबीपीएसचे दोनच चॅनल. एका खड्ड्यात पाच शाखा बंद पडल्या तर दोघी आत येतील, बाकीच्या बाहेर. मध्यवर्ती ठिकाणी ३० चॅनलची पीआरआय लाइन मागताना संचालक मंडळाला हेच गणित दाखवलं, तेव्हा कुठे मंजुरी मिळाली.

चाचणीबद्दल मी जरा आग्रही आहे. मुख्य पोर्टाला शटडाऊन देऊन चाचणी घेऊ नका. बॅकअप इंटरफेसची रीत असेल तर शटडाऊनने आयएसडीएन उठतच नाही. तुम्ही हाताने बंद केलंय, म्हणजे बिघाड नाही, असा राउटरचा तर्क असतो. एक इंजिनिअर त्यावरून आयएसडीएन खराब आहे म्हणून एक्स्चेंजशी भांडून आला होता. फ्लोटिंग रूट असेल तर शटडाऊनने फोन लागतो, पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की फोन लागतो. खरी चाचणी म्हणजे लीज लाइनच्या मॉडेमची टेलिफोनकडची वायर काढायची, मग राउटरची व्ही-३५ केबल, मग पलीकडच्या टोकाची. दर वेळी काउंटरवर एक एन्ट्री करून बघायची. शेवटी सगळं परत जोडून फोन उतरतो का हे घड्याळ लावून पाहायचं. हा शेवटचा भाग सगळे गाळतात.

आयएसडीएन आता इतिहासजमा झालं. त्याच्या जागी ४जीचं सिम आलं आणि लीज लाइनच्या जागी फायबर. दुखणं तेच, उलट जरा वाढलंच. फायबरचा डबा आणि राउटर यांच्यात इथरनेटची केबल असते; पलीकडे काहीही मेलं तरी तिचा हिरवा दिवा लागलेलाच. म्हणून राउटरला दर काही सेकंदांनी पिंग करायला लावतात आणि उत्तर थांबलं की वाट बदलतात. पिंग सेवा देणाऱ्याच्या पहिल्या गेटवेला करू नका, त्याच्या पुढेही बरंच काही मरू शकतं; आपल्या डेटा सेंटरमधल्या पत्त्याला करा. आणि त्या एका पत्त्याची वाट मुख्य लाइनवरच खिळवून ठेवा. नाहीतर मुख्य लाइन गेली की पिंग सिमवरून जातं, उत्तर मिळतं, राउटरला वाटतं लाइन आली, तो परत मुख्य लाइनकडे वळतो, तिथे पुन्हा उत्तर नाही, पुन्हा सिम. शाखेत मिनिटाला एकदा सगळं अडकतं आणि कारण दिवसभर सापडत नाही.

सिमचंही एक आहे. रिचार्ज संपत आल्याचा एसएमएस त्याच सिमवर येतो, आणि सिम बसलेलं असतं राउटरच्या पोटात. पोस्टपेड घ्या. ते जमत नसेल तर महिन्याच्या चाचणीत राउटरची एसएमएसची पेटी उघडायचं काम एका माणसाच्या नावावर टाका. तो बदलून गेला तर त्याच्या जागी आलेल्या माणसाला चार्जच्या यादीत हे कामही लिहून द्या.