इंजिन बदलण्यापूर्वी : जुन्या ट्रकच्या फेरबदलातील अनुभवाचे बोल

जुन्या ट्रकला आजच्या महामार्गावर चालण्याजोगा वेग द्यावयाचा झाल्यास बहुतेक मालक प्रथम अधिक शक्तीचे इंजिन शोधू लागतात आणि मागच्या ॲक्सलचा विचार पैसा संपल्यानंतर करतात. या उलट्या क्रमाची किंमत अनेकांनी मोजलेली आहे. अमेरिकेत १९४७ ते १९५५ या काळात निघालेल्या शेव्हर्लेच्या ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिकेतील अर्ध्या टनाचा ३१०० हा ट्रक या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण त्याचे इंजिन, गिअरबॉक्स व ॲक्सल परस्परांशी इतके बांधलेले आहेत की एकाला हात लावताच बाकीच्या दोहोंचा प्रश्न उभा राहतो.

या ट्रकच्या मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर मुळात ४.११ होते, म्हणजे पिनियनचे ९ दाते व क्राऊनचे ३७ दाते यांमुळे चाकाच्या एका फेरीसाठी प्रोपेलर शाफ्टला चारांहून किंचित अधिक फेरे घ्यावे लागत. सुमारे २८ इंच व्यासाचा टायर धरल्यास ताशी ९० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण ६७१ फेरे घेते, आणि टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स फेरे बदलत नसल्याने इंजिनाला सुमारे २,७६० फेरे घ्यावे लागतात. हा आकडा गुणोत्तर आणि टायर यांवरच ठरतो, इंजिनाच्या शक्तीवर नव्हे. म्हणून ९० अश्वशक्तीचे मूळ इंजिन काढून १९५४ चे ११२ अश्वशक्तीचे बसवले, तरी चढावर ओढ वाढते, पण सपाट रस्त्यावरचा आवाज व फेरे जसेच्या तसे राहतात, आणि खर्चानंतरची निराशा बहुधा येथेच सुरू होते.

केवळ ॲक्सल बदलणे हाही पूर्ण उपाय नव्हे. १९५० ते १९५४ च्या पॉवरग्लाइड मोटारींतील ३.५५ गुणोत्तराचा क्राऊन-पिनियन याच ॲक्सलच्या घरात बसवता येतो आणि त्याने वरील वेगाचे फेरे सुमारे २,३८० वर उतरतात. परंतु चाकाला मिळणारा पिळाचा जोर सुमारे १४ टक्क्यांनी घटतो, त्यामुळे भार घेऊन चढ चढताना मूळ इंजिन दमते आणि चालकाला वारंवार खालचा गिअर टाकावा लागतो. ज्याचा ट्रक घाटात माल वाहतो त्याने ४.११ वरच राहावे, आणि ज्याला रिकाम्या वाहनाने लांबचा सपाट प्रवास करावयाचा आहे त्यानेच ३.५५ निवडावे, हा निर्णय सुटे भाग खरेदी करण्यापूर्वी कागदावर व्हावयास हवा.

इंजिनाच्या बाबतीत शक्तीपेक्षा वंगणाची पद्धत अधिक महत्त्वाची ठरते. मूळ २१६ घनइंची, म्हणजे सुमारे ३.५ लिटरच्या, इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर बॅबिट या मऊ मिश्रधातूचा थर ओतलेला असे, आणि त्यांना तेल दाबाने न मिळता रॉडच्या टोपीवरील पळीसारखा भाग तेलात बुडून व नळ्यांतून उडणाऱ्या धारेतून मिळे. असे इंजिन दीर्घकाळ वरच्या फेऱ्यांवर पळवणे म्हणजे त्या बेअरिंगची परीक्षा पाहणे होय. १९५४ पासूनच्या २३५ घनइंची ट्रक-इंजिनात तेल दाबाने पोहोचते, म्हणून ते अधिक भरवशाचे असते. मात्र नंतरच्या वर्षांचे इंजिन घेताना पुढचा आधार आणि रेडिएटर व पंखा यांमधील अंतर आधी मोजून पाहावे.

याहून मोठी अडचण टॉर्क ट्यूबची, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला वेढणाऱ्या आणि ॲक्सलचा पिळ पेलणाऱ्या बंद नळीची आहे. नंतरच्या काळातील उघड्या शाफ्टचा ॲक्सल घालावयाचा झाल्यास ही नळी जाते, ॲक्सलचा पिळ पाट्यांच्या स्प्रिंगवर येतो, आणि गिअरबॉक्सही त्या जोडणीचा लागतो. ज्याला केवळ गुणोत्तर बदलावयाचे आहे त्याने मूळ घर राखून आतला क्राऊन-पिनियन बदलणे श्रेयस्कर. तो नेहमी जोडीनेच घ्यावा, कारण एकत्र घासून जुळलेल्या दात्यांतील एक नवा व एक जुना ठेवल्यास गुणगुण व झीज सुरू होते. आणि दात्यांमधील मोकळीक व संपर्काचा ठसा तपासल्याशिवाय घर बंद करू नये.

या बदलानंतर वेगमापकही खोटे बोलू लागतो. त्याची केबल गिअरबॉक्सवरून फिरत असल्याने ३.५५ बसवल्यावर खऱ्या ९० च्या ठिकाणी तो सुमारे ७८ दाखवतो, म्हणून त्याचा छोटा गिअर बदलणे अनिवार्य होते. ब्रेककडे दुर्लक्ष तर याहून घातक असते: १९५० पर्यंतच्या ट्रकमधील हक बनावटीचे आणि १९५१ पासूनचे बेंडिक्सचे ब्रेक दोन्ही एकाच हायड्रॉलिक परिपथावर चालत, म्हणजे एका नळीतील गळतीने चारही चाकांचे ब्रेक जात. वेग वाढवण्यापूर्वी नळ्या, ड्रम व सिलिंडर नवे करून दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे हे पहिले काम मानावे.

शेव्हर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडी येथे वाहने जुळवली, त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रातील संग्राहकांनाही परका नाही. त्यांनी मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा अडसर लक्षात घ्यावा, कारण ते नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे करण्यास प्रतिबंध करते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनीही ‘व्हिंटेज’ दर्जासाठी मूळ स्वरूपाची अट घातली असून चासी, बॉडी वा इंजिनातील फेरबदल त्याला बाधक मानले आहेत. म्हणून अनुभवसिद्ध क्रम असा ठरतो: प्रथम उपयोग निश्चित करावा आणि परवानगीची चौकशी करावी, मग ब्रेक, मग गुणोत्तर, आणि त्यांनंतरही उणीव उरली तरच इंजिन, तसेच काढलेला प्रत्येक मूळ भाग नावनिशीसह जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या मालकाला ट्रक मूळ रूपात परत नेण्याचा मार्ग मोकळा राहतो.