धडधड अंगावर काढू नकोस

चि. ओंकार,


परवा फोनवर सहज म्हणालास, "मावशी, मधूनच छातीत धडधडतं, ऑफिसचं टेन्शन असेल." हयात ईसीजी काढण्यात गेलेल्या बाईला हे पटायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तान्हेपणी तुझं फॅलॉट्स टेट्रॉलॉजीचं ऑपरेशन झालं. पडद्याचं भोक बुजवलं, फुप्फुसाकडची अरुंद वाट मोठी केली. काम उत्तम झालं, पण टाक्यांचे आणि ठिगळाचे व्रण हृदयात राहिलेच. व्रणातून विजेचा प्रवाह जात नाही. ओढ्यातल्या खडकाभोवती पाणी भोवरा धरतं, तसा तो कधीकधी व्रणाभोवतीच फिरत राहतो आणि ठोके पळत सुटतात. ऑपरेशनला वीस-तीस वर्षं उलटल्यावरही हे होतं. त्यातून फुप्फुसाची झडप गळत असेल, तर उजवा कप्पा ताणला जातो आणि धोका वाढतो.

पुन्हा धडधडलं, तर मनगटावरच्या घड्याळात ठोके बघ. घाबरल्याने वाढलेले ठोके बसल्यावर हळूहळू उतरतात. एकदम सुरू झालेले आणि आडवं पडलं तरी एकाच आकड्यावर अडलेले ठोके टेन्शनचे नसतात, मग तो आकडा फार मोठा नसला तरी. धडधड चालू असतानाच जवळच्या हॉस्पिटलात ईसीजी काढून घे. थांबल्यावर काढलेल्या पट्टीत बहुधा काही सापडत नाही. भोवळ आली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर बाइकला हात लावू नकोस, सरळ १०८ ला फोन कर.

तुझा ईसीजी एरवीही चारचौघांसारखा दिसत नाही. खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची रेघ साधारणपणे तीन बारीक चौकोनांत, म्हणजे १२० मिलिसेकंदांत मावते. तुझ्यासारख्यांची रुंद असते. ती १८० पर्यंत, म्हणजे साडेचार चौकोन पसरली, तर डॉक्टर जास्त सावध होतात, कारण खालच्या कप्प्यातून येणाऱ्या घातक ठोक्यांची शक्यता वाढते. म्हणून जुनी पट्टी मोबाइलमध्ये ठेव. रात्रपाळीच्या डॉक्टरला ताडून बघता येईल.

घाबरू मात्र नकोस. मांडीच्या शिरेतून तार नेऊन भोवऱ्याची वाट जाळता येते, गळकी झडप बदलता येते, गरज पडलीच तर घातक ठोके ओळखून शॉक देणारं यंत्र छातीत बसवतात. रक्त पातळ करायची गोळी दिली, तर ती मनाने बंद करू नकोस. वरचा कप्पा नीट आकुंचन पावला नाही की आत गुठळी धरते.

आता बालरोगतज्ज्ञांचं वय गेलं. मोठ्यांमधले जन्मजात हृदयविकार बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा. ऑपरेशनचे कागद ताईच्या कपाटात आहेत, ते सोबत ने. याच महिन्यातली वेळ घे आणि तारीख मला कळव.

तुझी,
मावशी