विहिरीकडचे वीस गुंठे

चि. बाळ,



शर्यतीच्या खोंडासाठी तू विहिरीकडचे वीस गुंठे द्यायला निघाला आहेस आणि इसाराची बोलणीही झाली आहेत, असं कानावर आलं. दादाला विचारलं तर तो गप्प, वहिनी विषय बदलते. म्हणजे बातमीत तथ्य असणार. अकरा लाखांचा आदत खोंड! अजून एक पक्का दात आला नाही त्याला, आणि त्याच्यासाठी बारमाही पाण्याची जमीन? फोनवर बोलता आलं असतं, पण तू "बघू आत्या" म्हणून मोकळा झाला असतास आणि मी रागाच्या भरात भलतंच बोलले असते. म्हणून सगळं लिहून काढते आहे. सावकाश वाच आणि तुझ्याकडे उत्तर असेल तिथे मला अडव.

बैलगाडीची शर्यत वाईट, असं मी म्हणणार नाही. खरसुंडीचा आणि पुसेगावचा बाजार ज्या मुलखाला ठाऊक आहे, तिथल्या माणसाला खिल्लाराचं वेड नसावं, असं सांगणं व्यर्थ आहे. काजळी वळणाचं, ताठ वशिंडाचं, नाकपुड्या फुलवून सुटीच्या जागी उभं असलेलं जनावर आणि झेंडा पडताच त्याने घेतलेली पहिली उसळी, यात जे सौंदर्य आहे ते मला कळतं. माझं भांडण त्या उसळीशी नाही. ती उसळी पदरात पडावी म्हणून माणूस काय देऊन बसतो, त्याच्याशी आहे. पगारातून किंवा पिकाच्या पैशातून केलेली हौस फसली तर एक हंगाम वाया जातो, आणि पुढच्या हंगामात माणूस सावरतो. जमीन विकून केलेली हौस फसली तर सावरायचं कशाच्या जोरावर? टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून आपल्याकडे विहिरीलगतची जमीन कोणी पुन्हा विकत घेऊन दाखवावी. गेलेले वीस गुंठे परत येणार नाहीत. मला एवढंच म्हणायचं आहे, बाकी सगळं त्यासाठीच लिहिते आहे.

तू म्हणशील, हा खर्च नव्हे, ही गुंतवणूक आहे. आज अकराला घेतलेला खोंड पळाला तर तीस-चाळीस लाखांना मागतील. "मागतील" हे खरं, कारण या नादात ऐकू येणारे बहुतेक आकडे मागणीचेच असतात. अमक्याच्या बैलाला पन्नास लाख सांगितले आणि त्याने दिला नाही, ही गोष्ट गावोगाव अभिमानाने सांगतात. न झालेल्या व्यवहाराचा आकडा हा बाजारभाव कसा धरायचा? आणि विकायची वेळ येते ती बैल मागे पडायला लागल्यावर, तेव्हा तेच मागणारे पाठ फिरवतात. दात येत जातात तसा आदतचा दुसा होतो, दुशाचा चौसा, मग जुळतो. पळण्याची खरी वर्षं म्हणशील तर चार, फार तर पाच. तेवढ्यात एक खूर दुखावला, एक खांदा धरला की भाव संपला. त्यानंतरही त्याला वैरण घालावीच लागते आणि घालायलाच हवी. तू त्याला वाऱ्यावर सोडणारा नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून तर हा हिशेब तुझ्यासाठी जास्त अवघड आहे.

या भावाला आणखी एक पाया नाही, तो कायद्याचा. 2011 साली केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना बंदी केली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, तोही न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या वर्षांत ज्यांच्या दावणीला शर्यतीचे बैल होते, त्यांनी काय केलं ते तालुक्यात कोणालाही विचार. बैल तेच होते, त्यांचे पाय तेच होते, पण किंमत उरली नव्हती. मग 2022 च्या सप्टेंबरात लम्पीची साथ आली आणि जनावरांचे बाजार, वाहतूक, शर्यती पुन्हा बंद झाल्या. आज परवानगी आहे ती अटींवर आहे: जनावराला त्रास दिल्याचं सिद्ध झालं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. या अटी मला योग्यच वाटतात. पण ज्या वस्तूची किंमत एका निकालाने किंवा एका साथीने शून्यावर येऊ शकते, तिच्यासाठी सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं नसतं.

बक्षिसांचं म्हणशील. 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत जेसीबी बक्षीस लागला तेव्हापासून थार, ट्रॅक्टर, बुलेट यांची नावं पोस्टरवर दिसतात आणि तरुण पोरांचे डोळे दिपतात. आपण कागदावर मांडू. मोठ्या मैदानात साडेतीनशे गाड्या आल्या आणि एका गटात सात पळाल्या, तर पन्नास गट. पन्नास गटांचे पन्नास विजेते सेमीला, त्यातले सात फायनलला, आणि पहिला नंबर एकाचा. पोस्टरवर फोटो त्या एकाचा छापतात. उरलेल्या तीनशे एकोणपन्नास गाड्या पिकअप भाड्याने करून आल्या, प्रवेश फी भरली, पहाटेपासून उभ्या राहिल्या आणि गेल्या. शिवाय तुझा खोंड एकटा पळणार नाही. पैऱ्याला दुसऱ्याचा बैल घ्यावा लागेल, त्यामुळे बक्षिसात त्याचा वाटा, मग ड्रायव्हरचा. आणि खुराक? दूध, अंडी, उडीद, खारीक, शेंगदाणा पेंड, मका धरून रोजचे सहाशे रुपये म्हटले तरी महिन्याला अठरा हजार, चार वर्षांत आठ लाख चौसष्ट हजार. सांभाळणारा गडी, डॉक्टर, पत्री मारणं, गाडीभाडं यात नाही. म्हणजे खोंडासकट वीस लाखांच्या घरात रक्कम गेली, आणि तिकडे विहिरीकडच्या वीस गुंठ्यांचं चार वर्षांचं पीकही गेलं. ते तू कुठल्या रकान्यात लिहिलंस?

"माझी नजर आहे, मला जनावर कळतं," हे तुझं शेवटचं उत्तर असेल, आणि ते मी हलक्यात घेत नाही. तुला जनावर कळतं. पण 2006 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या फ्लोरिडात दोन वर्षांच्या शर्यती घोड्यांचा लिलाव झाला, त्यात 'द ग्रीन मंकी' नावाचं शिंगरू 1 कोटी 60 लाख डॉलरला गेलं. तोवर ते एकही शर्यत पळालं नव्हतं. लिलावाआधीच्या चाचणीत त्याने एक फर्लांग, म्हणजे साधारण दोनशे मीटर, 9.8 सेकंदांत कापला, आणि त्या सेकंदांवर हा भाव फुटला. घेणारे कूलमोर या आयर्लंडच्या नामांकित अश्वपैदास संस्थेचे लोक होते. सात पिढ्यांच्या वंशावळी, डॉक्टर, प्रशिक्षक, सगळं त्यांच्या हाताशी होतं. तो घोडा तीन शर्यती पळाला आणि एकही जिंकला नाही. तिसऱ्या नंबरापलीकडे त्याची मजल गेली नाही, आणि सगळी मिळून कमाई झाली जेमतेम दहा हजार डॉलरची. त्यांची नजर वाईट नव्हती. कोवळ्या जनावराच्या अंगात पुढे काय होणार, हे त्या वयात दिसतच नाही. तुझ्या खोंडाचेही कोणीतरी मोबाइलवर सेकंद मोजून तुला दाखवले असतील. ते सेकंद खरे असतील. पण ते एका दिवसाचे, एका रानातले, पाठीवर मैदानाचा गलका नसतानाचे आहेत. आणि कूलमोरवाल्यांच्या तबेल्यात दुसरे घोडे होते, बाळ. तुझ्याकडे दुसरी विहीर नाही.

भाव कसा चढतो, तेही पाहा. 2020 च्या नोव्हेंबरात बेल्जियममध्ये 'न्यू किम' नावाची शर्यतीची कबुतरी लिलावात निघाली. बोली सुरू झाली दोनशे युरोंपासून आणि थांबली सोळा लाखांवर. पाखरात तेवढ्या दिवसांत काही बदललं नाही, बोली लावणाऱ्यांची चढाओढ तेवढी वाढली. आपल्याकडेही तेच चाललं आहे. आपल्या भागातली शेकडो कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सोन्याचांदीतला पैसा गावाकडे येतो, आणि गावातलं नाव राखायला बैलासारखी दुसरी गोष्ट नाही. कोणी बांधकामातला पैसा आणतो, कोणी राजकारणातला. त्यांना बैल हरला तर काही फरक पडत नाही; कमाईचा झरा दुसरीकडे आहे. त्यांच्या बोलीवर बोली चढवताना तू मात्र झराच विकायला काढला आहेस. त्या लोकांना मी दोष देत नाही. त्यांचा मोजमापाचा दांडा तुझा नव्हे, एवढंच सांगते.

आता तुझा एक आक्षेप मला मनापासून पटतो. पुण्यामुंबईत लोक लाखालाखाच्या सायकली घेतात, त्याहून महाग कॅमेऱ्याची भिंगं घेतात, मनगटावर ट्रॅक्टरच्या किमतीचं घड्याळ बांधतात, त्यांना कोणी वेडं म्हणत नाही. शेतकऱ्याच्या पोराने बैल घेतला की सगळे शहाणपण शिकवायला येतात. हा अन्याय आहेच. शेतकऱ्याने फक्त गरजेपुरतं जगावं, हौस करूच नये, असं मानणाऱ्यांत मला धरू नकोस. पण घर विकून सायकल घेणाऱ्यालाही मी हेच लिहिलं असतं. आणि भिंग कपाटात ठेवलं तर खात नाही, पुढे कमी पैशाला का होईना विकलं जातं. बैल रोज खातो, रोज म्हातारा होतो.

खिल्लार वाण शर्यतीमुळे टिकला, हेही बरोबर. दूध कमी म्हणून ही गाय परवडत नाही, ट्रॅक्टर आल्यावर औताला बैल लागत नाही. शर्यत नसती तर गोठे केव्हाच रिकामे झाले असते. पण वाण टिकतो तो गाय सांभाळणाऱ्यांमुळे, चांगला वळू राखणाऱ्यांमुळे, वासराला पोटभर दूध पिऊ देणाऱ्यांमुळे. हा खोंड तू घेतलास किंवा दुसऱ्याने घेतला, त्याने वाणाचं काही कमी-जास्त होत नाही. तुझ्या दारात खिल्लार गाय आहेच. चांगला वळू बघून तिची पैदास कर. घरचा खोंड आदत असताना पळव, दुसा झाला की पळव, हरला तर हरू दे. त्यात सगळी हौस आहे आणि सातबारा जागेवर आहे.

इतकं कडक लिहिल्यावर एक सांगायचं राहतं. 1972 च्या आणि 2003 च्या दुष्काळात दावणीची जनावरं छावणीला गेली, पण ही जमीन घरात राहिली. मी हक्कसोड लिहून दिली तीही ती घरातच राहावी म्हणून. त्याचा हक्क सांगायला हे पत्र नाही. तो विषय माझ्यापुरता तेव्हाच संपला. मात्र मी वाढले त्या काळात घरातल्या व्यवहारावर मुलींनी तोंड उघडायचं नाही, अशी रीत होती, आणि किती गोष्टी मनात ठेवून बसावं लागलं, याची हळहळ या वयातही जात नाही. तुझ्या बाबतीत मला तसं गप्प बसायचं नाही, मग तू रागावलास तरी चालेल.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. चारचौघांत शब्द दिला की मागे घेणं तुला मरणासारखं वाटतं, आणि आता अडलं आहे ते बहुधा तिथेच. इसार घेतला असशील आणि तो परत करताना जमीन घेणारा काही जास्तीचे मागत असेल, तर ते पैसे मी देते. दादाला कळायचीही गरज नाही. खोंडवाल्याला मी फोन करून सांगेन की आत्याने मोडता घातला. वाईटपणा माझ्याकडे येऊ दे. घरच्या गाईला पाडा झाला, तर त्याच्या पहिल्या वर्षाचा खुराक माझ्याकडून, आणि तो ज्या दिवशी पहिल्यांदा मैदानात उतरेल त्या दिवशी गुडघे दुखत असले तरी मी येईन. बेंदराला तर येतेच आहे. तोवर कशावरही सही करू नकोस. वहिनीला सांग, तिची औषधं सोबत आणते आहे. आणि तू जेवणाच्या वेळा पाळ. मैदानांच्या नादात फार वाळला आहेस, असंही ऐकलं. रात्री कितीही उशीर झाला तरी फोन कर, मी जागी असते.

तुझी,
आत्या