दसऱ्याला पूजा कर, सौदा मात्र आधी कर

पोलो जीटीच घ्यायची असं तू ठरवलंस, ते मला मनापासून आवडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ताई आडकाठी घालतेय असं तुला वाटायला नको. पुण्यात नोकरी लागली, स्वतःच्या पगारातून चार पैसे बाजूला टाकलेस, आणि तुला नुसती घर-ऑफिस करणारी गाडी नको, पाय ठेवला की पळणारी हवी. हवी तर हवी. ‘मुलीला एवढी पळणारी गाडी कशाला’ असं धुळ्याच्या देवपुरातल्या कुणी मावशीने म्हटलंच, तर तिच्याशी मी बोलेन.

पण एक ऐक. कोणती गाडी घ्यायची, याचा तू भरपूर विचार केलास. कधी घ्यायची, याचा केलाच नाहीस. ‘दसऱ्याला धुळ्याला दारात आणून उभी करते’ एवढंच म्हणालीस. आणि ते पुण्यातल्या त्या एजंटलाही सांगून मोकळी झालीस, इथे माझा जीव अडकला गं. मुहूर्त सांगितला की आपली बाजू लंगडी पडते. तुला अमुक तारखेला गाडी हवीच आहे हे समोरच्याला कळलं, की तो कशाला खाली येईल?

आपल्या खान्देशात गाडी घ्यायचे दिवस ठरलेले असतात. गुढीपाडवा, आखाजी, दसरा, धनत्रयोदशी, दिवाळीचा पाडवा. त्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते, नोकरदारांचा बोनस झालेला असतो. सगळ्यांच्या हातात एकाच वेळी पैसा, सगळ्यांना एकाच दिवशी गाडी. त्या पंधरवड्यात जुनी गाडीसुद्धा नव्या नवरीच्या तोऱ्यात उभी असते. त्याच्या आधीचा पंधरवडा बघ. पितृपक्ष. गिऱ्हाईक फिरकत नाही. विकणारा फोन करून विचारतो, ‘ताई, बघायला कधी येताय?’ ज्याला गाडी काढायचीच आहे, त्याच्याशी बोलायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

आईला पितृपक्षात गाडी घेतलेली चालणार नाही, हे मलाही माहीत आहे, आणि तिचं मन मोडून गाडी घेऊ नये असंच मी म्हणेन. पण गाडी बघणं, मेकॅनिककडून तपासून घेणं, भाव ठरवणं, कागद तपासणं याला कुठलाच शास्त्रार्थ आडवा येत नाही. ते सगळं पितृपक्षात उरकून घे. विसार घटस्थापनेला दे, उरलेले पैसे देऊन चावी त्यानंतर घे, आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालून आईच्या हातून पूजा कर. आईचाही मान राहतो आणि तुझेही पैसे वाचतात. अधिक महिन्याचंही तसंच. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला ताटं-तबकं जातात, पण गाड्यांचे सौदे थंडावतात.

आणखी एक वेळ आहे, मृग लागायच्या आधीची. बियाणं, खतं, नांगरणीची मजुरी, सगळं मे-जूनमध्ये एकदम येतं. त्या वेळी गावाकडची माणसं दारातली गाडी काढतात. ती स्वस्तात मिळते हे खरं. पण त्या माणसाची नड ओळखून अगदी गळा आवळू नकोस. आपणही शेतकऱ्याच्याच लेकी आहोत. वाजवी भाव दे आणि पैसे एकरकमी, वेळेवर दे. त्याला तेच हवं असतं.

डिसेंबर-जानेवारीही लक्षात ठेव. डिसेंबरात नव्या गाड्यांवर सूट निघते, लोक जुनी गाडी बदल्यात देऊन नवी नेतात, आणि जानेवारीत डीलरकडे या जुन्या गाड्यांची गर्दी होते. शिवाय 1 जानेवारीला प्रत्येक गाडी बोलण्यात एका वर्षाने म्हातारी होते. घेणारीला ते फायद्याचं, विकणारीला तोट्याचं. फक्त आरसीवर नोंदणीची तारीख आणि बनावटीचा महिना दोन्ही बघ. 2018 च्या डिसेंबरात बनलेली गाडी 2019 च्या मार्चमध्ये नोंदली गेली असेल, तर विकणारा 2019 चीच सांगतो.

कधीकधी मुहूर्त सरकार ठरवतं. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला, चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आदल्या दिवशीच्या जागी राहूच शकत नाही. तरी कित्येक विकणारे अजून त्याआधीच्या भावाचाच हिशेब मनात धरून बसलेले असतात. तिथे तू नव्या गाडीची आजची किंमत समोर ठेवायची आणि गप्प बसायचं.

आता तुझ्या पोलोकडे येते. 2022 मध्ये पोलो आपल्याकडे बंद झाली. चाकणला बनायची ती. बंद झाली म्हणून चाहते वाढले आणि नीट ठेवलेल्या जीटीचा भाव इतर जुन्या गाड्यांसारखा घसरला नाही. म्हणून ‘थांबले तर स्वस्त होईल’ हा हिशेब या गाडीला पूर्ण लागू नाही. वर्षभर थांबलीस तर भावात थोडा फरक पडेल, पण चांगली गाडी सापडणं अवघड होईल. चांगली दिसली तर घे. वाईट गाडी पितृपक्षातही महागच.

वाईट कशी ओळखायची? 2013 ला आलेल्या जीटी टीएसआयमध्ये 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, 105 पीएस ताकदीचं, आणि सोबत सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. 2020 पासूनच्या गाडीत 1.0 लिटरचं 110 पीएसचं इंजिन आणि सहा गिअरचा साधा ऑटोमॅटिक. जुन्यातला डीएसजी चालवायला फार गोड, पण त्याला उकाडा आणि रेंगाळती गर्दी मानवत नाही. बिघडला तर खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो. तुला परवडत असेल तर 2020 नंतरचीच बघ, माझं मत स्पष्ट आहे. डीएसजीवरच मन बसलं असेल तर मोकळ्या हायवेवर चालवून खूश होऊ नकोस. गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने चालव. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी थरथरली, धक्का दिला, तर नमस्कार करून निघ.

सकाळी जा आणि आधीच सांग की इंजिन चालू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर विचार की आत्ताच का फिरवली. थंड इंजिन चालू होताना जो आवाज आणि धूर असतो, तोच खरा. गाडी धुळ्यात बघत असशील तर दुपारी, एसी लावून, लळिंगच्या घाटात चढव. आपल्या मे महिन्यात पारा 42-43 च्या पुढे जातो. त्या उन्हात घाट चढताना तापमानाचा काटा जागचा हलला नाही आणि एसी थंड राहिला, तर कूलिंग ठीक आहे असं समज. पुण्याच्या नोव्हेंबरात ही परीक्षा होत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. किलोमीटर कमी सांगतात आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले असतात, तेव्हा कुठलंतरी एक खोटं असतं. पावसाळ्यानंतर बघत असशील तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. पुरात बुडालेल्या गाडीचं सगळं धुतात, बेल्टच्या आतल्या टोकाला मात्र गाळाची रेघ राहून जाते.

मेकॅनिक कोण, हेही आधीच ठरव. रोजच्या कामाला गाडी पुण्यात असेल, पण सुट्टीत धुळ्याला आणशील आणि इथे काही बिघडलं तर टर्बो-डीएसजीचं काम कुणाही हाताला देऊ नकोस. दीडशे किलोमीटरवरच्या नाशिकला न्यायची तयारी ठेव. फियाटची अबार्थ पुंतो स्वस्त मिळतेय म्हणालीस ना? 145 अश्वशक्तीची, पुण्याजवळ रांजणगावला बनलेली, गाडी झकास. पण फियाटने आपल्याकडचा कारभार आवरला त्याला बरीच वर्षं झाली. पहिल्या गाडीला सुट्या भागांची शोधाशोध नको.

सुरतचा मामेभाऊ ‘जीजे-05 मधली काढून देतो’ म्हणतोय. गुजरातेत नव्या गाडीवरचा टॅक्स आपल्यापेक्षा कमी, म्हणून तिथली जुनी गाडीही स्वस्त दिसते. पण ती इकडे कायमची आणायची तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, इकडचा टॅक्स, नवा एमएच नंबर, सगळं तुझ्या डोक्यावर. ते धरून बेरीज कर, मग स्वस्त की महाग ते ठरव. पुण्याची एमएच-12 घेतलीस तर नंबर तोच राहतो आणि राज्यातल्या राज्यात पुन्हा टॅक्स लागत नाही. मी असते तर पुण्याचीच घेतली असती.

कागदांचं मात्र मी तुला हात धरून सांगणार. डीसी अवंती आठवते? दिलीप छाब्रियांची, आपल्या देशातली स्पोर्ट्स कार म्हणून गाजलेली. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी त्यांना अटक केली होती. आरोप असा की एकाच इंजिन आणि चेसिस नंबरच्या गाडीच्या एकापेक्षा जास्त ठिकाणी नोंदी झाल्या आणि गाड्यांवर कर्जं उचलली गेली. आरोपाचं पुढे काय ते न्यायालय बघेल. आपण एवढं करायचं, बॉनेट उघडून चेसिस आणि इंजिनचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून बघायचा आणि परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून बँकेचा बोजा आहे का ते पाहायचं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. थकलेली चलनं विकणाऱ्याने भरायची. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा पाटी बसवलेली आहे का बघ, नाहीतर नावबदल तिथेच अडकतो. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या तुझ्यासमोर व्हायला हव्यात. ‘नंतर करू ताई, ओळखीचंच आहे’ हे वाक्य आलं की पाकीट परत पर्समध्ये.

विम्याचंही 14 दिवसांत तुझ्या नावावर करून घे. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर आपोआप येतो, पण तुझ्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण नाव बदलल्याशिवाय तुला मिळत नाही. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो. ‘50 टक्के बोनस आहे, तो तुम्हाला मिळेल’ असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

उद्या तू ही गाडी विकशील, तेव्हा सगळं उलट करायचं. गणपती झाले की फोटो काढून, धुऊन-पुसून तयार ठेवायची आणि दसऱ्याच्या गर्दीत भाव सांगायचा. मोठी सर्व्हिस, टायर, विमा हे तिन्ही खर्च एकदम दारात येण्याआधी विकायची. डिसेंबर उलटू द्यायचा नाही. तुझा नो क्लेम बोनस कंपनीकडून लिहून घे, तो तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो. आणि चावी देण्याआधी नावबदलाचा अर्ज आरटीओत गेला पाहिजे, हे फार महत्त्वाचं. फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी विकली गेली होती, पुढे आणखी काही हात बदलली होती, आणि 2009 मध्ये तिचा अपघात झाला. नोंद पहिल्या मालकाच्याच नावावर राहिलेली, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. गाडी आपल्या दारात नाही, पैसेही कधीचे खर्चून गेलेत, आणि नोटीस मात्र आपल्या नावाने. असं कुणाच्याही घरी होऊ नये.

त्या एजंटला आज फोन कर आणि सांग, दसऱ्याची काही घाई नाही, मनासारखी मिळाली तर बघू. तुला आवडलेल्या गाडीच्या आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठव. मी इकडे बसून नंबर टाकून बघते. आणि तोवर कुणी कितीही गोड बोललं तरी एक रुपयाचाही विसार देऊ नकोस.