रक्त स्वच्छ, तरी पोरगं ओकतंय

मुंबईत परळच्या आसपासच्या धर्मशाळेत नवं कुटुंब आलं की नांदेडकडची एक आई पहिला प्रश्न विचारते, “सकाळी उठल्या उठल्या ओकतो का गं?”

तिच्या मुलाचा ल्युकेमिया आटोक्यात आला होता. मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार उलटू नये म्हणूनच्या, गोळ्या चालू, शाळाही सुरू. मग डोकं दुखायला लागलं. गावाकडच्या डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं. सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, चांगली, मग काळजी कसली? एके दिवशी जेवताना मुलाच्या ओठाच्या कोपऱ्यातून वरण ओघळलं. चेहऱ्याची एक बाजू हलतच नव्हती. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, त्यात ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या पेशी, निघाले. बोनमॅरो मात्र साफ!

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जकातनाकाच असतो म्हणा ना. बरीचशी औषधं तिथं अडतात, पण कॅन्सरच्या पेशी आधीच पलीकडे जाऊन बसलेल्या असतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांना हेच दिसलं. रक्त सुधारलेल्या मुलांचा आजार मेंदूच्या आवरणात उलटायचा. मग त्यांनी तिथं काही दिसण्याआधीच डोक्याला किरणं आणि पाठीतून मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध द्यायला सुरुवात केली. जवळपास निम्मी मुलं बरी होऊ लागली. किरणांची किंमत पुढे कळली. मुलं अभ्यासात मागे पडत, उंची खुंटे, काहींना वर्षांनी मेंदूत गाठ होई. त्याच रुग्णालयाने २००० ते २००७च्या अभ्यासात सुरुवातीची किरणं सगळ्यांसाठीच वगळली आणि केमो व पाठीतल्या इंजेक्शनांवर भर दिला. पाच वर्षांनी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं हयात होती. “आता बरा आहे, पाठीत कशाला टोचायचं” म्हणणाऱ्या आजीला हे सांगायलाच हवं.

उलटलेल्या आजाराला मात्र नुसतं पाठीतलं औषध पुरत नाही. मॅरो साफ असली तरी रोग अंगभर आहे असंच धरतात: पुन्हा जोरदार केमो, बहुतेकदा किरणं, काहींना बोनमॅरो प्रत्यारोपण. निदानानंतर १८ महिन्यांच्या पुढे उलटला असेल, तर आशा बरीच जास्त.

नांदेडकडच्या त्या आईचा आणखी एक आग्रह असतो, व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाबद्दल. ते शिरेतूनच द्यायचं. चुकून पाठीत गेलं तर जवळपास नेहमीच जीव जातो, आणि असे मृत्यू झालेले आहेत. म्हणून ते सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाठीतल्या इंजेक्शनच्या टेबलावर ते दिसलं, तर लाजू नका, विचारा.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर, गावच्या डॉक्टरांना दिसेल असं, ती लिहायला लावते: सकाळची ओकारी, डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, एकाएकी सुटलेली वखवख. यातलं काहीही झालं तर सीबीसीवर थांबू नका, त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा.