भूमिगत विद्युत्कुंपण व शेतावरचा कुत्रा

शेतावर राखणीस कुत्रा नाहीं असा शेतकरी आपल्या प्रांतांत विरळा. घरचा कुत्रा रात्रीं भुंकून जाग आणतो, भुरट्या चोरांस दूर ठेवतो व पिकांतील डुकरें उठवितो. परंतु तोच कुत्रा दिवसा शेजाऱ्याच्या शेळीमागें लागला, अगर सडकेवर धांवत जाऊन एकाद्या मोटारीखालीं सांपडला, म्हणजे मालकास भांडण तरी सोसावें लागतें किंवा कुत्र्यास तरी मुकावें लागतें. त्यास दिवसभर सांखळीनें जखडून ठेवावें तर तो चिडखोर बनतो. ह्या अडचणीवर उपाय म्हणून जमिनींत तार पुरून केलेलें ‘अदृश्य कुंपण’ आतां आपल्याकडेही विकत मिळूं लागलें आहे. तें घ्यावें कीं नाहीं, आणि कुत्र्यास व माणसांस त्यापासून धोका किती, असा प्रश्न सभासद बंधूंकडून वरचेवर येतो. म्हणून ह्या अंकीं त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. विद्युत्कुंपण म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें झटका यंत्र येतें. त्या यंत्राची तार जमिनीच्या वर खांबांवर ताणलेली असते. तींतून सुमारें सेकंदास एक, असे अतिशय अल्पकाळ टिकणारे झटके सोडलेले असतात, आणि जो शिवेल त्यास तो झटका बसतो. प्रमाणित यंत्राचा झटका जोरदार असला तरी क्षणभराचा असतो व शिवणारा प्राणी मागें सरूं शकतो. ह्याहून अगदीं निराळा प्रकार म्हणजे घरांतील २३० व्होल्टची वीज सरळ तारेंत सोडणें. त्यास कुंपण हें नांवच देऊं नये. तो प्रवाह अखंड वाहतो, हाताचे स्नायू आखडतात, पकडलेली तार सुटत नाहीं, आणि डुकरासाठीं लावलेल्या त्या तारेनें मजूर, शेजारी, प्रसंगीं घरचेंच मूल मरतें. अशा रीतीनें वीज वापरणें हा २००३ च्या विद्युत् कायद्यान्वयें अपराध आहे. माणूस दगावल्यास त्याहून गंभीर आरोप येतो तो वेगळाच. भूमिगत कुंपणाचा ह्या दोहोंशीं कांहींएक संबंध नाहीं.

ह्या कुंपणाची रचना अशी असते. घराच्या पडवींत एक लहानसें यंत्र भिंतीस लावितात. त्यापासून निघालेली रबरी अगर प्लास्टिकच्या आवरणाची बारीक तार आवाराच्या सभोंवतीं दोनतीन इंच खोल पुरून पुन्हा यंत्रास आणून जोडतात, म्हणजे तारेचें एक वेढें पुरें होतें. ह्या वेढ्यांतून यंत्र एक मंद रेडिओ-संकेत फिरवीत असतें. कुत्र्याच्या गळ्यांतील पट्ट्यावर एक डबी असते; तींत तो संकेत ओळखणारी योजना व लहान बॅटरी असते, आणि डबीच्या आंतल्या बाजूस धातूचे दोन बोथट खिळे मानेच्या कातड्यास टेकलेले असतात. कुत्रा तारेच्या जवळ गेला कीं डबी प्रथम वाजते. तरीही तो पुढें गेला तर खिळ्यांतून त्यास झटका बसतो. अमेरिकेंत रिचर्ड पेक नांवाच्या गृहस्थानें ह्या योजनेचें पेटंट १९७३ सालीं मिळविलें, आणि तेव्हांपासून तेथें, घरासमोरील हिरवळीस भिंत घालण्याची चाल नसलेल्या वस्त्यांत, तिचा बराच प्रसार झाला.

तेव्हां तारेविषयीं भीति बाळगण्याचें कारण नाहीं. ती हातांत धरली, तिजवर गाय उभी राहिली, किंवा मुलांनीं खेळतांना ती उकरून काढली, तरी कोणास धक्का बसत नाहीं; कारण झटका देणारी बॅटरी तारेंत नसून पट्ट्यांत आहे. खरा प्रश्न आहे तो त्या पट्ट्याचा.

झटक्यानें कुत्र्यास वेदना होते, हें विक्रेते कितीही गोड शब्दांनीं झांकोत, खरेंच आहे. वेदना होत नसती तर तो थांबला कशास असता? परंतु प्रवाह अत्यल्प व सेकंदाच्या लहानशा अंशापुरता असल्यामुळें त्यानें निरोगी कुत्र्याचें कातडें जळत नाहीं. मग अशा कुत्र्यांच्या मानेवर ज्या दोन खोल जखमा आढळतात, व ज्यांस लोक ‘भाजल्याच्या खुणा’ म्हणतात, त्या कशाच्या? त्या दाबाच्या आहेत. घट्ट पट्ट्याचे खिळे रात्रंदिवस एकाच ठिकाणीं रुतून राहिले म्हणजे तेथील रक्त चालत नाहीं, कातडें मरतें व सडूं लागतें. जूं नीट न बसल्यामुळें बैलाच्या खांद्यास जें होतें, त्याच जातीचा हा प्रकार. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदाराच्या मळ्यावर आम्हीं असा कुत्रा पाहिला आहे. सबंध पावसाळाभर पट्टा काढलाच नव्हता. वरून केंस झुबकेदार असल्यानें कांहीं दिसत नव्हतें. वास येऊं लागला तेव्हां पट्टा सोडला, तों दोन्ही खिळ्यांखालीं करंगळीचें टोंक जाईल एवढीं भोंकें पडून त्यांत अळ्या झालेल्या होत्या. कुत्रा वांचला, पण पुढें गळ्याला कोणी हात लावूं लागला कीं तो दांत दाखवी. मालक माणूस निर्दय मुळींच नव्हता. पट्टा रोज काढावयाचा असतो हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें, इतकेंच.

यासाठीं पट्टा दिवसाकाठीं दहाबारा तासांहून अधिक वेळ ठेवूं नये आणि रात्रीं अवश्य काढावा. खिळा व कातडें यांच्यामध्यें एक बोट सरकेल इतकी ढिलाई असावी. मानेवरील लांब केंस कातरावेत, दररोज बोटांनीं चांचपून पाहावें, गोचीड असल्यास काढावेत, आणि मान व खिळे ओल्या फडक्यानें पुसावेत. लालसरपणा दिसतांच जखम पुरती बरी होईपर्यंत पट्टा घालूं नये. ह्या पट्ट्यास सांखळी अडकवूं नये, कारण ओढ बसली म्हणजे खिळे आंत रुततात; सांखळीसाठीं दुसरा साधा पट्टा ठेवावा. ज्याच्या घरीं कुत्र्याकडे रोज पांच मिनिटें पाहण्यास माणूस नाहीं, त्यानें हें कुंपण घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट शिकवणीची. तार पुरली व पट्टा बांधला कीं काम झालें, असें समजणें म्हणजे न वठविलेला गोऱ्हा एकदम औतास जुंपण्यासारखें आहे. हें कुंपण वास्तविक कुत्र्याच्या स्मरणांत उभें राहावयाचें असतें. त्याकरितां तारेच्या रेषेवर लहान निशाणें रोवितात व कुत्र्यास दोरीनें धरून दररोज दहापंधरा मिनिटें त्या रेषेजवळ नेतात. प्रथम झटका बंद ठेवून नुसता आवाज होऊं द्यावा; आवाज होतांच मागें ओढून घ्यावें, जवळ घेऊन गोंजारावें, भाकरीचा तुकडा द्यावा. आवाज झाला कीं तो आपण होऊन वळूं लागला म्हणजे मगच हलक्यांत हलका झटका चालू करावा. ह्या कामास निदान दोन आठवडे लागतात व निशाणें त्यानंतर हळूहळू काढावयाचीं असतात. ज्यास ही शिकवण मिळाली नाहीं, त्यास धक्का कोठून व कां बसला हें कळत नाहीं. मग तो घरांतून बाहेर पडण्यासच भितो. सहा महिन्यांच्या आंतील पिलूं, गाभण कुत्री, आजारी अगर म्हातारें जनावर, आणि मुळांत भित्रा किंवा चावरा कुत्रा, यांस हा पट्टा घालूंच नये.

शिकविलेला कुत्रा तरी नेहमीं थांबतो काय? अमेरिकेच्या ओहायो संस्थानांत कुत्र्यांच्या मालकांकडे चौकशी करून २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, विद्युत्कुंपणांत ठेवलेल्या कुत्र्यांपैकीं शेंकडा ४४ कुत्रे केव्हां तरी बाहेर निसटलेले आढळले. प्रत्यक्ष उभ्या कुंपणांतील कुत्र्यांत हेंच प्रमाण शेंकडा २३ होतें. ह्याचें कारण समजण्यास अवघड नाहीं. ससा उठला कीं कारवानी जातीच्या कुत्र्यास दुसरें भान राहत नाहीं. दोन ढांगांत तो तारेपलीकडे जातो व झटका त्याच्या लक्षांतही येत नाहीं. मात्र शिकारीचा आवेश उतरल्यावर परत येतांना तीच तार त्यास आडवी येते, आणि शांत डोक्यानें झटका सोसून घरीं यावयास तो तयार नसतो. असा कुत्रा सडकेच्या बाजूसच घुटमळत राहतो. धांवऱ्या जातींसाठीं हें साधन आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

चावण्याविषयीं मतभेद आहे. रिचर्ड पोल्स्की यांनीं २००० सालीं अमेरिकेंतील अशीं पांच प्रकरणें मांडलीं कीं ज्यांत अशा कुंपणांतील कुत्र्यांनीं माणसांस गंभीर दुखापत केली. झटका बसला त्या क्षणीं समोर जो माणूस होता, त्यानेंच आपणांस दुखविलें अशी कुत्र्याची समजूत होत असावी, असा त्यांचा तर्क आहे. उलट वर सांगितलेल्या ओहायोच्या चौकशींत कुंपणाचा प्रकार व चावण्याचा इतिहास यांचा संबंध आढळला नाहीं. पांच प्रकरणांवरून सर्वांस दोष देतां येत नाहीं हें खरें. पण जेथें पाऊलवाट बांधालगत जाते व शाळेचीं मुलें रोज तेथून येतातजातात, तेथें तार वाटेपासून चांगली आंत घ्यावी, एवढें सावधपण कोणीही पाळावें. वेल्स देशानें तर २०१० सालीं कुत्र्यामांजरांस विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर कायद्यानेंच बंदी घातली आहे.

आतां आपल्या मुलखास अत्यंत लागू असा मुद्दा. हें कुंपण आंतल्यास आंत ठेवतें; बाहेरच्यास तें दिसतही नाहीं व अडवीतही नाहीं. पिसाळलेला कुत्रा खुशाल आंत येऊन आपल्या कुत्र्यास चावूं शकतो. तेव्हां कुंपण असो वा नसो, रेबीजची लस दरसाल टोंचलीच पाहिजे. आणि बिबट्याचें काय? अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले भागांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हां भक्ष्याच्या एकंदर वजनांत सर्वांत मोठा वांटा, शेंकडा ३९, पाळीव व गांवांतील कुत्र्यांचा निघाला. अकोले, जुन्नर ह्यांसारख्या उसाच्या टापूंत रात्रीं कुत्र्यास अदृश्य तारेच्या आंत मोकळें सोडणें म्हणजे त्याची पळण्याची वाट बंद करून बिबट्याची येण्याची वाट उघडी ठेवणें होय. आपले धनगर कुत्र्याच्या गळ्यांत बाहेरच्या बाजूस खिळे असलेला पट्टा बांधतात, तो ह्याच शत्रूसाठीं. येथें खिळे आंत वळलेले आहेत. अशा गांवीं रात्रीं कुत्र्यास गोठ्यांत किंवा पक्क्या जाळीच्या खोपट्यांतच घेतलें पाहिजे.

जमिनीचाही विचार करावयास हवा. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसांत फुगते. त्या ताणानें बारीक तार तुटते. उंदीर ती कुरतडतात, नांगर व कुदळ तर विचारूंच नये. तार तुटली कीं पडवींतील यंत्र ओरडतें खरें, पण ऐकणारा घरीं असला तर. वीज गेली व यंत्रास जोडबॅटरी नसली म्हणजे सबंध कुंपणच नाहींसें होतें. मोटारपंपाच्या केबलला समांतर व लगत तार नेल्यास संकेत त्या केबलींत शिरून भलत्याच ठिकाणीं कुत्र्यास झटका बसतो. म्हणून दोहोंत निदान पांच फुटांचें अंतर असावें, आणि ओलांडावयाचेंच तर काटकोनांत ओलांडावें. काटेरी तारेचें कुंपण व पत्र्याची भिंत यांपासूनही असेंच दूर राहावें. वीज कडाडूं लागली म्हणजे तारेंतून लोट येऊन यंत्र जळतें, सबब संरक्षक बसवावा अगर वळवाच्या दिवसांत तार सोडवून ठेवावी.

एकंदरींत सबंध शेताच्या बांधासाठीं ह्याचा उपयोग नाहीं. करवंद, सागरगोटा, घायपात यांची दाट वई, फाटकास जाळी व सवयीचा कुत्रा, एवढ्यावर बहुतेकांचें काम भागतें, आणि ती वई बाहेरच्या गुरांसही अडविते. घरापुढील लहान आवार सडकेस लागून आहे, कुत्रा शांत व प्रौढ आहे, बिबट्याचा वावर नाहीं, आणि रोज मान तपासणारें माणूस घरांत आहे, असा योग असेल तर आधीं कमी उंचीचें दिसतें कुंपण घालून त्याच्या आंतून ही तार जोड म्हणून घेण्यास हरकत नाहीं. घरापासून वेढ्यापर्यंत जाणाऱ्या दोन तारा एकमेकींस पीळ घालून न्याव्यात, म्हणजे तेवढ्या भागांत संकेत मरतो व कुत्र्यास अंगणांतून निर्धास्त फिरतां येतें. पुरण्यापूर्वीं तार कोठून कशी गेली, सांधे कोठें आहेत, याचा नकाशा कागदावर काढून घरांत ठेवावा, आणि तो सालगड्यासही दाखवून ठेवावा.