जळगाव–मुंबई विमान: अंतर किती, वेळ किती?

प्रश्न : जळगावहून मुंबई हवाई मार्गाने किती लांब? तासाभरात पोहोचता येईल का? आम्ही धुळेकर. – एक वाचक

उत्तर : सरळ रेषेत सुमारे 355 किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर 420च्या आसपास भरते. अशा मार्गावर उडणारे एटीआर हे पंख्याचे विमान, ताशी साधारण 500 किलोमीटरचे. म्हणजे हिशोबाने पाऊण तास पुरावा. पण वेळापत्रकात तासाहून थोडे अधिक धरतात. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत जाण्याचा वेळही त्यातच मोजतात. शिवाय मुंबईच्या आकाशात गर्दी असली की घिरट्या आल्याच.

तुमचा प्रश्न मात्र वेगळाच आहे. धुळ्याहून मुंबई सरळ रेषेत 280 किलोमीटर, आणि विमानासाठी तुम्ही आधी 90 किलोमीटर उलट्या दिशेला, जळगावला जाणार! दोन तास रस्त्याचे, तासभर आधीची हजेरी, मुंबईत उतरल्यावर सामान आणि टॅक्सी. आग्रा रोडने नाशिकमार्गे सरळ गेलात तर फारसा फरक पडणार नाही. धुळ्याच्या गोंदूर विमानतळावरून नियमित प्रवासी सेवा नाही. जळगावकरांनी जरूर विमान पकडावे. तुम्ही गाडीच काढा.